लोमट्यांचा गुरुवार

ज्योतीराम लोमटे या गृहस्थांबद्दल शांतपणे लिहायचं असं ठरवून मी बसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच माझं डोकं तापतं. आजही तापणार आहे. माणूस वाईट असता तर फार सोपं झालं असतं. चार खरमरीत शब्द सुनावून त्यांना केव्हाच वाटेला लावलं असतं आणि मी माझ्या शाळेच्या कामाला लागले असते. पण लोमटे चांगले आहेत, कष्टाळू आहेत, सांगितलेलं मन लावून ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर जे करतात ते बघून कपाळाला हात लावायची वेळ येते.

लोमटे मूळचे अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातले. आयटीआय करून तरुणपणीच इकडे आले, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि तिथेच वर चढत चढत 'फाइव्ह एस'चे को-ऑर्डिनेटर झाले. ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. फाइव्ह एस ही जपानी लोकांची टापटिपीची पद्धत. नको असलेली वस्तू बाहेर काढायची, हवी असलेली ठरल्या जागी ठेवायची, सगळं पुसून लख्ख करायचं, जमिनीवर पिवळे पट्टे मारायचे आणि दिसेल त्या वस्तूला तिच्या नावाची पाटी लावायची. कंपनीत हे काम फारसं कुणाला आवडत नाही. लोमट्यांना मात्र त्याचं वेड लागलं. तळवड्यातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशी फरशीवर पिवळ्या रंगात चपलांचे आकार काढलेले होते. स्वयंपाकघरात साखरेच्या डब्यावर 'साखर', मिठाच्या डब्यावर 'मीठ', पंख्याच्या बटणावर 'पंखा'. देव्हाऱ्यात निरांजनाच्या जागेवरसुद्धा 'निरांजन'. त्यांची बायको दिपाली चहा देता देता म्हणाली, "मला तेवढं चिटकवायचं राहिलंय बघा, मॅडम." लोमटे हसले नाहीत. ते विचारात पडले.

मी तनुजा. दापोडीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चाकणच्या पश्चिमेला, कंपन्यांची शेवटची शेड मागे पडली की डोंगराच्या पायथ्याशी हिरडवाडी नावाचं गाव लागतं, आणि गावाच्या वर वाघजाईची देवराई आहे. हिरड्या-बेहड्याची जुनी झाडं, जांभळी, मनगटाहून जाड गारंबीचे वेल आणि भर दुपारी अंधार. देवीचं रान म्हणून गावाने पिढ्यानपिढ्या तिथली काडी उचलली नाही, म्हणून ते उरलं. आजूबाजूच्या जमिनी केव्हाच विकल्या गेल्या. हे एवढं तरी टिकावं म्हणून आम्ही काही जण एक मंडळ चालवतो. काही जण म्हणजे मी, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणारा सुजित, आणि सभासद म्हणून नाव देऊन पुन्हा तोंड न दाखवणारे बरेच जण. एका सोसायटीच्या गणपतीत मी राईची माहिती सांगायला गेले होते. पडद्यावर फोटो दाखवून झाले आणि मागच्या खुर्चीतून एक गृहस्थ उठले. "मॅडम, रान एक नंबर आहे," ते म्हणाले, "पण फोटोत बघायलो तर पसारा लई दिसायलाय."

हे लोमटे. लोक हसले, मीही हसले. पुढच्या आठवड्यात ते मंडळात आले.

आता गुरुवारचं सांगते. चाकणच्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, शाळेला आणि आयटीला रविवारी. त्यामुळे आम्ही राईत रविवारी जायचो आणि लोमटे गुरुवारी, एकटे. दर गुरुवारी ते घाम गाळून काहीतरी करून ठेवायचे आणि दर रविवारी आम्ही ते निस्तरायचो. सुरुवातीलाच त्यांनी देवळामागचा सगळा पाला झाडून ढीग लावले. मी सांगितलं, लोमटे, पाला तिथेच कुजायला हवा, त्यावरच रान जगतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या गुरुवारी पाला पुन्हा पसरला, सगळीकडे सारख्या जाडीचा. मग पडलेली लाकडं लांबीप्रमाणे रचून ठेवली. मग एका वाळलेल्या बेहड्याला लाल चिठ्ठी बांधली. कारखान्यात टाकाऊ वस्तूला तशी चिठ्ठी लावतात म्हणे. मी तावातावाने समजावलं की या वाळक्या लाकडात वाळवी होते, ती वाळवी खाऊन इथलं एक फार दुर्मिळ जनावर जगतं, तुम्ही टाकाऊ म्हणता ते त्याचं ताट आहे. लोमट्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे रॉ मटेरियल म्हणा की!" रविवारी जाऊन बघते तर खोडावर पाटी: 'कच्चा माल. वाळवीकरिता. हलवू नये.'

सुजित हसून हसून खाली बसला. मला त्या दिवशी हसू आलं नाही, कारण पाटी खोडाला खिळ्यांनी ठोकली होती.

लोमट्यांना मंडळातून काढून टाकावं म्हटलं तर तेही जमेना. उन्हाळ्याच्या तोंडाला वणवा राईत शिरू नये म्हणून कडेने गवत जाळून पट्टा काढावा लागतो. ते धुराचं, उन्हाचं काम करायला नावापुरते सभासद कधी फिरकले नाहीत. लोमटे रात्रपाळी करून तसेच यायचे आणि भुवया करपवून घेऊन परत जायचे. अशा माणसाला काय बोलणार? मी बोलायचेच, ती गोष्ट वेगळी.

ते दुर्मिळ जनावर म्हणजे खवले मांजर. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचा संबंध नाही. अंगभर खवले, लांब जीभ, तोंडात एकही दात नाही. खातं काय, तर मुंग्या आणि वाळवी. भ्यालं की अंगाचा गोळा करून पडून राहतं. बिबट्यापुढे ही युक्ती चालते. पोतं घेऊन आलेल्या माणसापुढे चालत नाही, तो आयता गोळा उचलून पोत्यात टाकतो. खवल्यांना चोरट्या बाजारात मागणी आहे आणि त्यापायी हे बिचारं जनावर सगळीकडून संपत चाललंय. गेल्या हिवाळ्यात सुजितने झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात आमच्या राईत त्याची मादी दिसली, शेपटीवर पिल्लू घेऊन चाललेली. सुजितच्या गाडीत बसून आम्ही तिघे तो फोटो कितीतरी वेळ बघत होतो. लोमट्यांनी चष्मा काढून पुसला. "सीट बेल्ट नाही, काही नाही," ते म्हणाले, "कसं धरून बसलंय बघा की."

तिचं बीळ राईच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत सापडलं. या जनावराची एक रीत आहे. आत गेलं की ते बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून घेतं. तोंड बुजलेलं दिसलं की समजायचं, मंडळी घरात आहेत. लोमट्यांना हे भारी आवडलं. "आतनं कडी लावून घेतंय," असं ते म्हणायचे आणि दर गुरुवारी लांबूनच कडी बघून यायचे. मी दोघांनाही बजावलं होतं की हे कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. घरात बायकोलाही नाही.

गावात एकट्या आक्काबाईंना माहीत होतं. वाघजाईची पूजा त्यांच्या घराण्याकडे आहे. वय झालंय, जीभ मात्र तिखट. त्यांच्या घराण्याची शिस्त अशी की राईत अनवाणी जायचं आणि राईतल्या जनावराचं नाव तोंडातून काढायचं नाही. खवले मांजराला त्या माहेरवाशीण म्हणतात. मी एकदा त्यांच्या अंगणात सरळ नाव घेतलं तर माझ्यावर डाफरल्या. "नाव कशापायी घ्येता, बाई? नाव निघालं की नको त्याच्या कानाव जातं. आमी न्हाई घेत." मी विज्ञानाची शिक्षिका. मी मान हलवली आणि सोडून दिलं.

त्याच सुमारास बंगळुरूच्या एका प्रतिष्ठानाबद्दल कळलं. रानं आणि संपत चाललेली जनावरं वाचवणाऱ्या आमच्यासारख्या लहान मंडळांना ते पाठबळ देतात. कॅमेरे, राखणदार, कोर्टकचेरीची वेळ आली तर वकील. आम्हाला या सगळ्याची गरज होती, म्हणून मी अर्ज केला आणि माझी उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. 'आपल्या कार्यामुळे क्षेत्रात होणारा मोजता येण्याजोगा बदल' असा एक प्रश्न होता. अहो, राईत काही बदल होऊ नये म्हणून तर आम्ही जीव काढतोय! तरी मी बसून बदल शोधले, ते मोजता येतील असे लिहिले, आणि शेवटी त्यांचा निरोप आला की आमच्या अधिकारी विजयश्री मॅडम शुक्रवारी बघायला येतील.

मी लोमट्यांना फोनवर एवढंच म्हणाले, "शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. गुरुवारी जाल तेव्हा वाट जरा मोकळी करून ठेवा."

आता चाकणच्या पट्ट्यात बाहेरचं कुणी बघायला येणार याचा अर्थ एकच होतो. कस्टमर ऑडिट. गाड्या बनवणाऱ्या बड्या कंपनीचे साहेब येणार म्हटलं की सुटे भाग बनवणारे कारखाने आदल्या दिवशी रंग मारतात, कुंड्या आणतात आणि भिंतीभर बोर्ड लावतात. लोमट्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं, आणि ऑडिटमध्ये त्यांचा विभाग कधी नापास झाला नव्हता.

शुक्रवारी मी विजयश्री मॅडमना घेऊन गावात उतरले. राईच्या तोंडाशीच मी थांबले. वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड रांगेत मांडलेले आणि पिवळे रंगवलेले. प्रत्येक झाडाला नावाची पट्टी. 'देवीकडे', 'झऱ्याकडे' असे बाण. मोठ्या जांभळाखाली हिरवा बोर्ड, 'आपत्कालीन एकत्र येण्याचे ठिकाण'. लोमटे इस्त्रीचा शर्ट घालून, खास रजा टाकून, हात मागे बांधून उभे. मी दात ओठ खात हसत राहिले, कारण पाहुण्या शेजारी होत्या. आक्काबाई देवळाच्या पायरीवर बसून विजयश्री मॅडमच्या बुटांकडे बघत होत्या. मी बूट काढण्याबद्दल सुचवेपर्यंत मॅडम वर चढूही लागल्या होत्या.

वर करवंदीच्या जाळीपाशी लोखंडी खांब रोवून निळा-पांढरा बोर्ड लावला होता. 'खवले मांजर. मादी १, पिल्लू १. निवासस्थान. शांतता राखा.' आणि खाली बिळाच्या दिशेने लाल बाण.

मला क्षणभर वाचताच येईना. म्हणजे अक्षरं दिसत होती, पण ती कुणी शुद्धीवर असलेल्या माणसाने लिहिली असतील हे डोक्यात शिरत नव्हतं. एवढ्यात शेजारून विजयश्री मॅडम म्हणाल्या, "किती सिस्टिमॅटिक! इतक्या लहान संस्थेत हे मी पहिल्यांदाच बघतेय." मग त्यांनी लोमट्यांनाच प्रश्न विचारले आणि लोमट्यांनी ऑडिटरला देतात तशी छाती काढून उत्तरं दिली. माझ्या सुट्टीभराच्या मेहनतीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मॅडमच्या ड्रायव्हरने लोमट्यांच्याच मोबाइलवर लोमट्यांचा बोर्डाशेजारी फोटो काढून दिला.

गाडी वळणापलीकडे गेली आणि मी लोमट्यांकडे वळले. "ती पाटी आत्ताच्या आत्ता काढा."

"काढतो की, मॅडम. पण पत्र्याला रिपिट मारलंय आणि खांब काँक्रीटमध्ये बसवलाय, वाऱ्यानं हलू नये म्हणून. ड्रिल मशीन आणावं लागंल."

मी स्वतः जाऊन तो पत्रा ओढून पाहिला. माझं बोट कापलं, पत्रा हलला नाही. तेवढ्यापुरतं आम्ही त्यावर पोतं गुंडाळलं आणि मशीन घेऊन लोमट्यांनी लवकरात लवकर यायचं ठरलं. घरी पोचून मी मोबाइल उघडला तर लोमट्यांच्या स्टेटसला तोच फोटो. लोमटे, बोर्ड, बाण, आणि खाली मजकूर: 'हिरडवाडी देवराई. आमचं ऑडिट पास.' शिवाय कंपनीच्या ग्रुपवर, गावाकडच्या ग्रुपवर आणि दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर. मी फोन करून ओरडले. त्यांनी सगळीकडून फोटो काढला. तोवर लोकांनी तो पुढे पाठवून अभिनंदनाचे अंगठेही दिले होते.

त्या रविवारी मला निवडणुकीच्या ड्युटीचं प्रशिक्षण होतं, सुजित लग्नाला गावी गेला होता, आणि लोमट्यांच्या कंपनीत माल जायचा होता म्हणून ओव्हरटाइम. म्हणजे तिघांपैकी एकालाही वेळ नव्हता. गुरुवारी मी सातवीच्या वर्गात असताना लोमट्यांचा फोन आला. मी सहसा वर्गात फोन घेत नाही, का कोण जाणे तो घेतला.

"मॅडम," ते म्हणाले, "खड्डा आहे."

शाळा सुटल्यावर मी गेले. जाळी कोयत्याने तोडून बाजूला फेकली होती आणि बिळाच्या जागी माणूस उभा राहील एवढा खड्डा खणलेला. कुदळीचे घाव मातीत स्पष्ट दिसत होते. रक्त नाही, खवला नाही, काहीच नाही. ती सापडली, की आधीच निघून गेली होती, हे कळायला काही मार्गच नव्हता. वनरक्षकांनी पंचनामा केला, फोटो घेतले आणि शेजारच्या पोत्यात गुंडाळलेल्या बोर्डाकडे बघून विचारलं, "हे काय आहे?" मी उत्तर दिलं नाही. लोमट्यांनी दिलं.

मग मी बोलले. "तुम्ही तिच्या घराला नंबर लावलात, लोमटे. चोरांना पत्ता काढून दिलात, वर बाण काढलात. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? उद्यापासून या राईत पाऊल टाकायचं नाही." मला थांबता येत नव्हतं. लेकराला घेऊन ती रानात कुठे जाणार, की पोत्यात पडून आत्ता कुठल्या गाडीत असेल, असलं काहीबाही मी बोलत सुटले आणि बोलता बोलता रडायला लागले. लोमट्यांनी पिशवीतून ड्रिल मशीन काढलं आणि रिपिटं तोडायला सुरुवात केली. तो आवाज राईत घुमत होता आणि मला तोही असह्य झाला.

खाली आक्काबाई देवळाशीच होत्या. मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "बुटं. ती बया बुटं घालून वर गेली, तवाच मी म्हन्लं, आता ऱ्हात न्हाई माहेरवाशीण." आता यांच्याशी काय वाद घालायचा! मी नमस्कार केला आणि घरी आले.

त्यानंतरचे महिने वैतागाचेच गेले. बंगळुरूहून पत्र आलं, फार सभ्य भाषेत. झालेल्या घटनेबद्दल आम्हाला खेद आहे, तथापि सदर प्रजाती आपल्या क्षेत्रात अद्याप आहे याचा पुरावा, छायाचित्र आणि नेमकं ठिकाण, मिळाल्यास पुढील विचार करता येईल. मी आणि सुजित रविवारमागून रविवार राई पालथी घालत होतो. कॅमेऱ्यात साळिंदर आलं, गावची कुत्री आली, कुणाची तरी चुकार म्हैस आली, आणि वाकून वाकून बिळं बघणारी मी तर कितीतरी वेळा आले. माहेरवाशीण नाही. सुजित एकदा हळूच म्हणाला, "ताई, नसेल आता." मी त्याच्यावरही खेकसले.

एका रविवारी आक्काबाई म्हणाल्या, "तुमचा कंपनीवाला येतो की बेस्तरवारी."

"कोण, लोमटे? गुरुवारी? त्यांना मी यायचं नाही म्हणून सांगितलंय."

"त्ये तुमी सांगितलं आसंल. येतो. चपला हितं काढतो, वर जातो, दिस मावळायच्या आत खाली येतो. बोलत न्हाई, चालत न्हाई. झाडत बी न्हाई आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळाची अध्यक्ष मी, आणि माझं ऐकायचं कुणी नाही! पण त्या दिवशी वर जाताना मी नीट पाहिलं. झाडांच्या पट्ट्या गेल्या होत्या. बाण गेले होते. जांभळाखालचा हिरवा बोर्ड गेला होता. दगडांची रांग मोडून ते इकडे तिकडे टाकले होते आणि त्यांच्यावरचा पिवळा रंग कुणीतरी घासून घासून काढला होता. खिळ्यांची भोकंसुद्धा मातीने लिंपली होती. रागवायला एक जागा उरली नव्हती आणि त्याचाच मला राग आला.

मग परवाच्या गुरुवारी, मी दापोडीच्या मंडईत भाजी घेत होते आणि फोन वाजला. नाव बघून मी कापायचाच विचार केला होता.

"मॅडम," लोमटे म्हणाले, "आतनं कडी लागलीय."

मी मेथीची जुडी हातात घेऊन तशीच उभी राहिले. भाजीवाली विचारत होती घ्यायची का ठेवायची, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. जुडी ठेवली, रिक्षा केली आणि थेट तळवडे गाठलं.

लोमट्यांच्या दाराशी फरशीवरचे पिवळे चपलांचे आकार पुसलेले होते. आत कुठेच चिठ्ठी नाही. डबे कोरे, बटणं कोरी. दिपालीने माझ्याकडे बघून हात जोडले. "आधी लावून लावून जीव खाल्ला, आता सगळं काढून ठेवलंय. डबे सगळे सारखे. मी तीनदा पंखा लावायला जाते तवा एकदा लागतोय. तुम्ही तरी सांगा मॅडम यांना." तिने चहा ठेवला, दोन कप आमच्यापुढे आणून दिले आणि नळ आला म्हणून कळशी घेऊन खाली गेली.

मी खुर्ची पुढे ओढली. "कुठे?"

"आहे," लोमटे म्हणाले.

"आहे ते कळलं. कुठे आहे? वरच्या अंगाला, की झऱ्यापलीकडे?"

ते कपाकडे बघत राहिले. "नाही सांगणार, मॅडम."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय?"

"तुम्हीच म्हणालाव की. कुणालाही म्हणजे कुणालाही नाही. त्या 'कुणालाही'त तुम्ही पण येताव."

"लोमटे, मी मंडळाची अध्यक्ष आहे! मी तुम्हाला ते जनावर ओळखायला शिकवलं!"

"हो की."

"बंगळुरूवाल्यांना फोटो हवाय, ठिकाण हवंय. नाही दिलं तर पाठबळ जाईल. राखणदार नाही मिळणार, कॅमेरे नाही मिळणार. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. तुम्ही उगं चिडायलाव." त्यांनी कप बाजूला सरकवला. "पाठबळ गेलं तर जाळपट्टा मी काढीन. दर वर्षी काढीन. पण जागा नाही सांगायचा. एकदा सांगून बसलोय."

मी काय काय बोलले असेन! अडेलतट्टू म्हणाले, आडमुठे म्हणाले, मंडळाचे नियम ऐकवले. ते ऐकत होते, नेहमीसारखेच, मन लावून. शेवटी दमून मी विचारलं, "पिल्लू?"

"ते नाही माहीत. थांबलो नाही. माती ताजी होती, ओली, आतनं लोटलेली. तेवढं बघितलं आणि मागं फिरलो. आपण थांबलो की वास राहतोय म्हणे."

"काही खूण तरी ठेवलीत? दगड, फांदी?"

"नाही."

"अहो, मग पुढच्या गुरुवारी तुम्हाला तरी सापडेल का?"

लोमट्यांनी यावर बराच विचार केला. "नाही सापडलं तर बरंच आहे की," ते म्हणाले.

मी चहाचा कप उचलला आणि एक घोट घेतला. लोमट्यांनीही घेतला. आम्ही एकमेकांकडे बघितलं. चहा खारट होता. दोघांनीही तो मुकाट्याने संपवला.

दिपाली कळशी घेऊन वर आली. माझे लाल झालेले डोळे आणि नवऱ्याचा चेहरा बघून दारातच थबकली. "काय झालं? कशाबद्दल बोलायलाव तुम्ही दोघं एवढं?"

लोमट्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही नाही गं," मी म्हणाले. "चहात मीठ पडलंय."